एफएमजीई: पास व्हायला १५०, मला १४७. चौथ्या वेळी नेमकं काय बदलू?

बार्शी_लाइट

नमस्कार. इथे पाच-सहा वर्षं नुसतीच वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बिश्केकहून, म्हणजे किर्गिझस्तानातून, मेडिकल करून आले. बाहेरून शिकून आलेल्यांना इथे रजिस्ट्रेशन हवं असेल तर एफएमजीई द्यावी लागते. ३०० प्रश्न, १५० ला पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. पहिल्या वेळी मला १२१ पडले, दुसऱ्या वेळी १३९. अकरा दिवसांपूर्वी तिसरा निकाल आला, १४७.

पेपर परत तपासून मिळत नाही. विषयवार मार्कसुद्धा कळत नाहीत. एक आकडा आणि त्याच्यापुढे 'फेल'.

घरी कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. पप्पांनी 'बरं' म्हणून टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. आईने न विचारता शेंगोळे केले, मला आवडतात म्हणून. शेजारच्या काकू अजून 'डॉक्टरीणबाई' म्हणत बीपी बघायला येतात. काल त्यांच्या दंडाला कफ बांधला, हवा सोडत पारा खाली आणला, आणि ठोका कुठे सुरू झाला ते मला ऐकूच आलं नाही. डोक्यात १४७, १४७. परत फुगवला. काकू घाबरून म्हणाल्या, "जास्त आहे का गं?"

डिसेंबरचं सत्र आहे. परत तेच व्हिडिओ, त्याच नोट्स, तीच खिडकी. ज्यांनी मेडिकलची कुठलीही परीक्षा नापास होऊन परत दिली आहे त्यांनी सांगा, पुढच्या वेळी नेमकं काय वेगळं केलंत? 'पॉझिटिव्ह राहा' सोडून काहीही चालेल.

---

टवाळ_टॉन्सिल

पहिला नंबर माझा! आयडी बार्शी लाइट आणि तक्रार उशिराची? कुर्डुवाडीच्या जुन्या माणसांना विचारा, ती जुनी छोटी रेल्वे वेळेवर आलेली कोणी पाहिली आहे का.

हलकेच घ्या. जाणकार येतीलच, मी कोपऱ्यात बसतो.

---

गुळवेल

ताई, मी फिलिपिन्सवाला. पाचव्या वेळी पास झालो, म्हणजे तुझ्यापेक्षा दोन पावसाळे जास्त पाहिले आहेत. चौथ्या वेळी मला १४८ होते. त्यामुळे १४७ चं काय होतं ते मला सांगू नकोस.

काय बदललं ते सांगतो. पहिल्या चार वेळा मी वाचत होतो. दिल्लीला गौतम नगरमध्ये दहा बाय आठच्या खोलीत दोघं राहून क्लास केला, नोट्स तीनदा संपवल्या, पानंच्या पानं पिवळी केली. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. कुठलं पान उघडलं तरी 'हे येतंय'. ते येत नसतं, ते नुसतं ओळखीचं असतं. गल्लीतल्या माणसाचा चेहरा रोज दिसतो, नाव विचारलं की बोंब.

पाचव्या वेळी मी नांदेडला परत आलो आणि एका अभ्यासिकेत जागा घेतली. सगळी एमपीएससीची पोरं. त्यातला एक रोज सकाळी आदल्या दिवशीचे चुकलेले प्रश्न वहीत उतरवायचा, बाकी काही नाही. मी म्हटलं करून बघू. आपल्यात त्याला 'विसावी वही' म्हणतात, विषय एकोणीस आणि ही विसावी. नाव ऐकलं होतं, केली कधी नव्हती. नियम एकच ठेवला, अख्खा प्रश्न उतरवायचा नाही. का चुकलो ते एका ओळीत. 'नेफ्रोटिक वाचलं, नेफ्रायटिक होतं.' 'डोस माहीत होता, वजनाने गुणलं नाही.' तीन महिन्यांत दोनशे पानी वही भरली. परीक्षेच्या आदल्या दोन दिवसांत तेवढीच वाचली.

आणि मार्कांचं वाटप भिंतीवर लाव. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, गायनॅक ३०, पीएसएम म्हणजे सार्वजनिक आरोग्य ३०. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेम प्रत्येकी १७. मी चार वेळा सुरुवात अॅनाटॉमीपासून केली, कारण वहीतलं पहिलं पान तेच. दीड महिना ब्रॅकियल प्लेक्ससमध्ये जायचा. तू सुरुवात कुठून करतेस?

---

खडूस_काका

कटू बोलतो. नीटला मार्क पडत नाहीत, मग एजंटाच्या नादाने कुठल्या तरी देशात जायचं, बापाने जमीन विकायची, आणि परत येऊन परीक्षा अवघड म्हणून रडायचं. जून २०२३ च्या सत्राला दहा टक्क्यांच्या आसपास पोरं पास झाली होती. नव्वद टक्के नापास होत असतील तर दोष परीक्षेचा नाही. माझ्या छातीत दुखेल तेव्हा समोर १४७ वाला डॉक्टर मला नको.

---

गुळवेल

काका, त्याच्या आधीच्या सत्रात, डिसेंबर २०२२ ला, तीस टक्क्यांच्या वर पास झाले होते. सहा महिन्यांत पाच-सहा देशांतल्या पोरांची अक्कल एक तृतीयांश झाली का? पेपर सोपा-अवघड होतो, आणि पासची रेघ दीडशेवरच राहते.

आणि धागालेखिका परीक्षा अवघड म्हणून रडलेली नाही. काय बदलू, असं विचारतेय. धागा परत वाचा.

---

खडूस_काका

वाचला. तीनदा नापास झाल्यावर 'सोडून दे' हेही उत्तर असू शकतं, एवढंच म्हणणं आहे. कोणी म्हणत नाही म्हणून मी म्हणतो.

---

एप्रनवाली

काकांचं दुसरं वाक्य मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण त्या निर्णयाची वेळ निकालानंतरचे अकरा दिवस ही नव्हे.

मी भूलतज्ज्ञ. डीएनबीची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या स्पेशालिटीच्या परीक्षेची, थिअरी पहिल्या फटक्यात, प्रॅक्टिकलला दोनदा नापास. थिअरी एकदा पास झालात की प्रॅक्टिकलला तीन संधी, त्यातल्या दोन गेल्या. दुसऱ्या वेळी परीक्षकांनी विचारलं, "बाई, श्वासाची ट्यूब चुकून पोटात गेली हे तुम्हाला कशावरून कळेल?" हे मी रोज करते. रोज! कॅप्नोग्राफवर, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर, सहा नीट लाटा बघितल्याशिवाय मी ट्यूबला चिकटपट्टीसुद्धा लावत नाही. आणि तिथे माझ्या तोंडून निघालं, "छातीला स्टेथोस्कोप लावून." ते पुढच्या उत्तराची वाट बघत राहिले, मी गप्प. पंधरा सेकंद असतील. अजून आठवतात.

तिसऱ्या वेळी पुस्तक जवळपास उघडलंच नाही. ओटीत दोन केसच्या मधे आमच्या सिस्टरांना सांगितलं, मला काहीही विचारा, मी मोठ्याने उत्तर देणार. "मॅडम हे लाल बटण कशाला?" इथपासून. मला येत होतं ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं, म्हणून तेवढीच सवय केली. पास झाले.

पण एक फरक प्रामाणिकपणे सांगते. माझ्या हातात एमबीबीएसचं रजिस्ट्रेशन होतं. नापास झाले तरी पगार चालू होता, सोमवारी लोक मला डॉक्टर म्हणून बोलावत होते. तुझ्याकडे ते नाही. म्हणून माझा अनुभव तुला जसाच्या तसा लागू होईल असं म्हणणार नाही.

---

न्यूजर्सीचा_नाना

एप्रनवालींचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

माझं उलट झालं. इथे रेसिडेन्सी संपवून इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाला, म्हणजे स्पेशालिस्टच्या परीक्षेला, बसलो आणि आपटलो. पहिल्यांदा बसणाऱ्या दहांतले जवळजवळ नऊ पास होतात. विचार करा, जिथे दहांतले सात-आठ नापास होतात तिथे नापास होणं वेगळं आणि जिथे एकटेच तुम्ही राहता तिथे वेगळं. माझ्या बॅचचे सगळे फोटो टाकत होते. मी फोन उलटा करून ठेवला. शिवाय ही परीक्षा वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या शेवटी. म्हणजे पुढचं अख्खं वर्ष वॉर्डात पेशंट बघायचे आणि संध्याकाळी लक्षात यायचं की कागदोपत्री आपण अजून 'बोर्ड एलिजिबल', म्हणजे नुसतेच पात्र, पास नव्हे. नोकरीच्या करारात एक कलम होतं, ठरावीक मुदतीत बोर्ड पास व्हा. ते कलम मला पाठ होतं, हृदयाच्या औषधांचे डोस मात्र नव्हते.

बायकोला सहा आठवडे सांगितलं नाही. निकाल लांबलाय म्हणालो. सगळ्यात मोठी चूक ती, अभ्यासाची नव्हे. खोटं सांभाळायला जेवढी डोक्याची जागा लागते तेवढ्यात अख्खं नेफ्रॉलॉजी बसतं.

---

टवाळ_टॉन्सिल

नाना, मग वहिनींना कसं कळलं?

---

न्यूजर्सीचा_नाना

तिच्या मावशीच्या जावेचा भाचा त्याच परीक्षेला बसला होता. एडिसनमध्ये कुठलंच गुपित सहा आठवड्यांच्या वर टिकत नाही. आमच्यापेक्षा बार्शीत जास्त प्रायव्हसी असेल.

---

बार्शी_लाइट

नाही हो नाना. निकाल दुपारी लागला, चार वाजता किराणावाल्याने विचारलं.

सगळ्यांचे आभार. गुळवेलदादा, सुरुवात मीही अॅनाटॉमीपासूनच केली होती. तीनही वेळा.

---

उत्तरबदल

एक तांत्रिक मुद्दा. अशा धाग्यांवर हमखास कोणीतरी म्हणतं की पहिलं सुचलेलं उत्तर बदलू नका. इथे अजून कोणी म्हटलं नाही, त्याआधीच लिहून ठेवतो. यावर बरंच संशोधन झालंय आणि ते उलट सांगतं. बदललेल्या उत्तरांत चुकीचं बरोबर होण्याचं प्रमाण, बरोबरचं चुकीचं होण्यापेक्षा जास्त निघतं. पण बरोबर असलेलं बदलून चुकवलं की ते जिव्हारी लागतं आणि वर्षभर आठवतं. चुकीचं बदलून बरोबर केलेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

---

रात्रपाळी

असहमत. माझे तीन मार्क असेच गेलेत. डोळ्यांनी पाहिलंय.

---

उत्तरबदल

अहो, तेच तर लिहिलंय वर.

---

बार्शी_लाइट

हे मीसुद्धा मानत आले की माझे तीन मार्क बदललेल्या उत्तरांनी खाल्ले. हे मोजता येईल का?

---

उत्तरबदल

परीक्षेचं नाही मोजता येणार, पण घरी ग्रँड टेस्ट, म्हणजे पूर्ण सराव पेपर, देताना येईल. शेजारी कोरा कागद ठेवा. उत्तर बदललं की प्रश्न क्रमांक, आधीचं, नंतरचं. टेस्ट संपली की तीन रकाने, फायदा, तोटा, दोन्ही चूक. आणि चुकलेले प्रश्नही तीन ढिगांत टाका: वाचलेलंच नव्हतं, वाचलं होतं पण चुकलं, घाईत चुकलं. निदान तीन पेपरांचं करा.

---

निवृत्त_परीक्षक

वीसेक वर्षं मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला टेबलाच्या पलीकडे बसलो. थोडं अवांतर होईल.

आमच्या वेळी एमबीबीएसला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळे पन्नास टक्के लागायचे, त्यामुळे थिअरीत उत्तम मार्क असलेलं पोर लाँग केसवर, म्हणजे पेशंट पूर्ण तपासून सांगायच्या भागात, अडकायचं. पूर्वी नापास झालं की सहा महिने मागे, 'ऑड बॅच'. ती मुलं कँटीनमध्येसुद्धा वेगळ्या टेबलावर बसायची. आता पुरवणी परीक्षा लगेच होते आणि मूल आपल्याच बॅचमध्ये राहतं. हा बदल फार चांगला झाला. पहिल्या वर्षाला मात्र चारच संधी, हे नव्या मुलांनी विसरू नये.

दुसऱ्यांदा आलेलं मूल आम्हाला हजेरीचा कागद न बघता ओळखू यायचं. केस सांगायच्या आधीच 'सॉरी सर'. अरे, अजून काही चुकलं नाही तुझं! एका मुलीने अर्ध्या तासात अकरा वेळा सॉरी म्हटलं. मी शेवटी म्हणालो, बाई, यकृत हाताला लागलं की नाही तेवढं सांग. लागलं होतं. दोन बोटं. बरोबर होतं. ती पास झाली. गेल्या वेळीही तिला लागलं असणार, पण सांगायचं धैर्य झालं नसेल.

आणि परीक्षेचे पेशंट! एक गृहस्थ मायट्रल स्टेनोसिसचे, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झालेले, दर परीक्षेला यायचे, चहा-नाश्ता आणि प्रवासखर्च मिळायचा. पोरगं स्टेथोस्कोप लावून बावचळलं की हळूच म्हणायचे, "डॉक्टर, डाव्या कुशीवर वळू का? मागचे वळवत होते." त्यांनी किती जणांना पास केलं असेल, देव जाणे.

---

टवाळ_टॉन्सिल

दंडवत सर! त्या गृहस्थांना मानद डॉक्टरेट द्यायला हवी होती.

---

रात्रपाळी

मूळ विषयावर येतो. बार्शीताई, जवळपासच्या एखाद्या खाजगी हॉस्पिटलात रात्रपाळीला आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणून उभी राहा. आमच्याकडे एफएमजीई न झालेले दोघंतिघं असतात. दहा-पंधरा हजार मिळतात, हात चालू राहतो, मन रमतं.

---

एप्रनवाली

नको!! कृपा करून नको. रजिस्ट्रेशन नसताना पेशंटला औषध लिहून देणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात कलम ३४ वाचा, एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रात्री दोनला पेशंट गेला की मालक म्हणणार, आम्हाला वाटलं पास आहे. सही तुझी असेल. १४७ चे १५० कधी तरी होतील, पोलिसात नोंद झालेली पुसली जात नाही.

हात चालू ठेवायचा असेल तर ओळखीच्या डॉक्टरांकडे दिवसातून दोन तास नुसतं बसून बघ. सही नाही, सल्ला नाही, सुई नाही.

---

रात्रपाळी

कायदा मलाही माहीत आहे मॅडम. पण सगळीकडे चालतं. घरी बसून पोरं वेडी होतात, त्याचं काय?

---

एप्रनवाली

चालतं, म्हणूनच भीती वाटते. घरी बसून वेडं होण्यावर उत्तर हवं हे मान्य. अभ्यासिका हे एक. आणि झोप उडाली, जेवण तुटलं, 'मी नसले तर बरं' असे विचार यायला लागले तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फोन फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. हे ताईला उद्देशून नाही, जे गुपचूप वाचताहेत त्यांच्यासाठी.

---

रानातला_बाप

मी इथं कधी लिहीत नाही. मुलीने टाईप करून दिलं आहे. मी शेतकरी. मुलगा खारकीव्हला होता, लढाई लागल्यावर २०२२ च्या मार्चमध्ये सरकारच्या विमानाने आला, पुढं कसंबसं शिक्षण पुरं केलं. ही परीक्षा दोनदा नापास झाला आहे.

खडूस काकांना सांगतो, होय, जमीन विकली. सव्वा एकर. एजंटाच्या नादाने नाही, माझ्या हौसेने. पोराला जायचं होतं, पण मला जास्त जायचं होतं.

तो यायच्या आधीच मी त्याच्या नावाची पाटी करून घेतली होती, 'डॉ.' घालून, निळ्या अक्षरांत. ती पेपरात गुंडाळून कॉटखाली ठेवली आहे. परवा त्याने झाडताना ओढून काढली. बघितली. परत नीट गुंडाळून होती तिथं सारली. मी दारातच होतो. तो बोलला नाही, मीही नाही.

मला त्या तीनशे प्रश्नांतलं काही कळत नाही. बापाने काय करायचं, एवढं कोणी सांगा.

---

न्यूजर्सीचा_नाना

दादा, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

---

खडूस_काका

भाऊ, माझा शब्द लागला असेल तर मागे घेतो. माझ्या पुतण्यावरचा राग होता, तो इथे निघाला. तो जॉर्जियाला आहे, तिसऱ्या वर्षाला. दर महिन्याला पैसे मीच पाठवतो.

---

टवाळ_टॉन्सिल

काका, हे आधी सांगायचं ना. तुम्हाला खडूस म्हणून चार वर्षं छळलं मी.

---

बार्शी_लाइट

बापूकाका (असं म्हटलं तर चालेल ना?), मी मुलगी म्हणून सांगते. पाटीबद्दल एकदा बोलून टाका. ती तिथे आहे हे त्यालाही माहीत आहे, तुम्हालाही. न बोलता रोज त्याच कॉटवर झोपायचं म्हणजे फार जड जातं हो. 'मी घाई केली' एवढं म्हणालात तरी खूप आहे. आणि 'अभ्यास झाला का' विचारू नका. फॉर्मची शेवटची तारीख विचारा, फी विचारा, सेंटर कुठलं मागितलंस विचारा. त्या प्रश्नांना उत्तर असतं.

हे लिहून झाल्यावर मी बाहेर जाऊन पप्पांना आपणहून सांगितलं की डिसेंबरला बसतेय आणि फी भरायची आहे. त्यांनी टीव्ही म्यूट केला. किती, म्हणाले. सांगितलं. उद्या देतो, म्हणाले. एवढंच झालं, पण झालं.

---

अडीच_फुटी

अवांतर: टॉन्सिलराव, बार्शी लाइटची टिंगल फार झाली. १८९७ ला सुरू झालेली अडीच फुटी नॅरोगेज, कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरने बांधली. पंढरीच्या वारकऱ्यांनी वर्षानुवर्षं भरून नेली. हळू होती, पण तिचे डबे त्या काळी नमुनेदार मानले जात. माझे आजोबा उतरून, लघुशंका करून, परत त्याच डब्यात चढायचे असं सांगायचे, ते सोडून द्या.

---

टवाळ_टॉन्सिल

म्हणजे मुद्दा माझाच सिद्ध झाला.

---

बार्शी_लाइट

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. उत्तरबदलदादांनी सांगितलं ते केलं. तीन ग्रँड टेस्ट, प्रत्येकी ३०० प्रश्न, खऱ्यासारख्या दिल्या. पन्नास प्रश्नांना पन्नास मिनिटं आणि वेळ संपला की तो भाग बंद, मागे फिरायचं नाही.

मार्क १४३, १५१, १४९. म्हणजे एकूण ४५७ चुका. तीन ढीग केले. वाचलेलंच नव्हतं, १७१. घाईत किंवा प्रश्न नीट न वाचता, ८८. आणि वाचलं होतं, नोट्समध्ये अधोरेखित आहे, तरी चुकलं, १९८. सगळ्यात मोठा ढीग तो. गुळवेलदादा, गल्लीतला ओळखीचा चेहरा!

उत्तरं बदलली ४१. चूक होतं ते बरोबर झालं १७, बरोबर होतं ते चुकलं १३, दोन्ही चूक ११. म्हणजे बदलण्याने माझं नुकसान नाही, चार मार्कांचा फायदाच झालाय. तीन वर्षं मी ज्याच्यावर खापर फोडत होते ते हे नव्हेच.

मग विषयवार पाहिलं. पीएसएम आणि फॉरेन्सिक मिळून एका पेपरात ४० प्रश्न, तीन पेपरांत १२०. माझे बरोबर फक्त ४४. बिश्केकला आम्हाला आपले राष्ट्रीय कार्यक्रम कोण शिकवणार? इथे येऊन एका सीनियरच्या नोट्स घेतल्या, त्या २०१९ च्या. परवा नीट उघडून बघितल्या. क्षयरोगाच्या कार्यक्रमाचं नावसुद्धा जुनं आहे, २०२० ला बदललं. लसीकरणाच्या तक्त्यात पोलिओच्या इंजेक्शनचा नवव्या महिन्याचा तिसरा डोस नाही, तो २०२३ च्या जानेवारीपासून आला. आणि फॉरेन्सिकमध्ये सगळी कलमं आयपीसीची! खून ३०२, हलगर्जीपणाने मृत्यू ३०४ अ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आता तेच १०३ आणि १०६. मी जुनी कलमं इतकी पक्की पाठ केली आहेत की झोपेत विचारलं तरी चुकीचंच सांगेन.

त्या नोट्स तीनदा वाचल्या मी. तीन रंगांनी.

---

गुळवेल

चाळीस मार्कांत सरासरी पंधरा काढतेस, अॅनाटॉमीला दीड महिना देतेस, आणि तीन मार्क हुडकतेस! फेक त्या नोट्स.

---

बार्शी_लाइट

फेकल्या नाहीत, रद्दीत घातल्या. साडेचार किलो भरल्या, रद्दीवाल्याने तराजू दोनदा लावला. विसावी वही आणली. पहिली ओळ, 'आधी नोट्सचं साल बघ.'

डिसेंबरला होईलच असं म्हणत नाही. अभ्यासिकेत जागा घेतलीय, खिडकीपाशी नाही. एप्रनवालीताई, आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे संध्याकाळी दोन तास नुसती बसते. पहिल्या दिवशी त्यांनी पेशंटला सांगितलं, ही शिकतेय. ऐकून बरं वाटलं.

---

निवृत्त_परीक्षक

उत्तम. रिकाम्या वेळी एकदा मोठ्याने उत्तरं म्हणत जा. आणि सॉरी कमी.

---

रानातला_बाप

पाटीचं बोललो. तो हसला. म्हणाला, निळा रंग चांगला नाही दिसत.

---

टवाळ_टॉन्सिल

ताई, बाकी सगळं झालं. काकूंचं बीपी किती निघालं शेवटी? मी तीन आठवड्यांपासून ताटकळतोय.

---

बार्शी_लाइट

आत्ताच येऊन गेल्या. या वेळी पहिला ठोका स्वच्छ ऐकू आला, १५० वर ९४. गोळी एक दिवसाआड घेतात असं कळलं, पेढे रोज. उद्या सकाळी त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात जाते.

---

टवाळ_टॉन्सिल

१५०? काकू पास झाल्या की हो!